वयात येणाऱ्या मुलामुलींची दवाखान्याची वाट मोकळी करा



मी नोकरीत असतानाची गोष्ट. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी दवाखान्यात आली. काउंटरवरून तिला मोठ्याने विचारले, "कशासाठी आलीस?" मागच्या बाकावर आपल्याच समाजातल्या दोन मावश्या बसल्या होत्या. "काही नाही," म्हणून ती माघारी गेली. पुन्हा आली ती तीन आठवड्यांनी. तोवर ओटीपोटातला संसर्ग बराच वाढला होता.

इस्रायलमध्ये सोयींची वाण नाही. 1995 पासून राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याने प्रत्येक रहिवाशाला कुपात होलीमची सेवा मिळते. आठवीतल्या मुलामुलींना शाळेत एच.पी.व्ही.ची लस देतात. ही लस गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून रक्षण करते. संमतीच्या कागदावर आठवणीने सही करा. ‘देलेत पतुहा’, म्हणजे उघडे दार, या केंद्रांत तरुणांना गुप्तता राखून सल्ला मिळतो. 1996 च्या कायद्याप्रमाणे 14 वर्षे पूर्ण झालेल्यांची एड्सच्या विषाणूची तपासणी आईवडिलांच्या संमतीशिवाय होऊ शकते. गर्भपाताच्या अर्जालाही 18 वर्षांखालच्या मुलीला पालकांची संमती कायद्याने लागत नाही. पण अशा वेळी घरचे माणूस पाठीशी असले, तर तिला केवढा धीर येतो!

मग मुले का जात नाहीत? ओळखीचे कोणी पाहील आणि घरी कळेल, ही भीती. ती भीती आपणच घातली आहे, तेव्हा काढायचीही आपणच.

खालील तक्रारी असतील तर वाट पाहू नका :

1. पंधरा वर्षे होऊनही पाळी सुरू न होणे.
2. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, किंवा शाळा बुडेल इतकी पोटदुखी.
3. दुर्गंधी स्राव, लघवीला जळजळ, गुप्तांगावर फोड. हे मुलांनाही लागू.
4. मुलाच्या वृषणात एकाएकी जोराची कळ. तडक इस्पितळात न्या. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत इलाज व्हावा लागतो. लाजेपायी रात्र काढू नका.
5. असुरक्षित संबंध आला असेल, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते. ती 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली.

आईने डॉक्टरांना आपणहून सांगावे, "मी पाच मिनिटे बाहेर बसते." घरी आल्यावर उलटतपासणी नको. "काही लागले तर सांग," एवढे पुरे.

आणि आपण आजी-मावश्यांनी? दवाखान्यात कोणाची मुलगी दिसली, तर हसून मान हलवावी आणि ती बातमी सिनेगॉगच्या पायरीवर नेऊ नये. इतके केले, तरी एखादी मुलगी दारातून माघारी जाणार नाही.