उभी गाडी : कर आणि विमा

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षापासून आपण स्थिर खर्च आणि बदलता खर्च असा भेद शिकतो. कारखाना चालो वा बंद राहो, जागेचे भाडे आणि कर्जावरचे व्याज थांबत नाही. कच्च्या मालाचा खर्च मात्र काम थांबले की थांबतो. हाच भेद मोटारगाडीला लावून पाहिला तर डिझेल, टायर आणि चालकाचा भत्ता हे बदलते खर्च ठरतात. पण सरकारी कर आणि विम्याचा हप्ता कोणत्या सदरात मांडायचे? गाडी महिनोन्महिने उभी असेल तर हे दोन खर्च थांबतात की चालूच राहतात? या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ते कायद्यात शोधावे लागते.

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल, पण आपल्या भागात उभ्या गाड्या थोड्या नाहीत. गळीत हंगाम संपला की ऊस वाहणारे ट्रक पुढच्या हंगामापर्यंत शेडमध्ये जातात. शाळांच्या बसेस उन्हाळ्याच्या सुट्टीत हलत नाहीत. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीस गेला की त्याची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते. अशा प्रत्येक गाडीच्या मालकाला कायदा काय सांगतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर आणि विमा हे दोन विषय आपल्या राज्यघटनेने दोन वेगळ्या हातांत दिले आहेत. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीनुसार वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्याचा आहे. विमा मात्र केंद्रसूचीच्या ४७ व्या नोंदीत येतो, आणि वाहनाच्या सक्तीच्या विम्याची तरतूद संसदेच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. त्यामुळे गाडी एकच असली तरी ‘उभी’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे सारखा लागत नाही. कन्नडमध्ये विम्याला ‘विमे’ म्हणतात, म्हणजे शब्द जवळजवळ आपलाच. कराला मात्र ‘तेरिगे’ हा अगदी निराळा शब्द आहे. दोन भाषांतले हे साम्य आणि भेद मला या विषयाचा धडा लक्षात ठेवायला उपयोगी पडले : विम्याचा नियम सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच, कराचा नियम राज्याराज्यात वेगळा.

आता कराकडे वळू. कर्नाटकाचा मोटार वाहन कर कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे ‘रस्त्यावर वापरण्यास योग्य’ अशा सर्व मोटार वाहनांवर कर आकारला जातो. येथे ‘वापरलेल्या’ असे म्हटलेले नाही, ‘वापरण्यास योग्य’ असे म्हटले आहे. शिवाय ज्या गाडीचे नोंदणीपत्र चालू आहे ती रस्त्यावर वापरण्यास योग्य आहे असे मानले जाईल, असे स्पष्टीकरण कायद्यातच जोडलेले आहे. इंजिन खोलून ठेवलेला ट्रकही, त्याचे नोंदणीपत्र जिवंत असेपर्यंत, कायद्याच्या दृष्टीने धावता ट्रकच असतो.

याच कलमावरून उद्भवलेला एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ साली दिलेल्या निकालात न्यायालयाने सांगितले की, नोंदणीपत्र चालू असेल तर गाडीची स्थिती कशीही असो आणि ती वापरली जावो वा न जावो, कर आगाऊ भरलाच पाहिजे. गाडी वापरली नसेल तर मालकाने कायद्यातील तरतुदीप्रमाणे परतावा मागावा. म्हणजे आधी भरणा, मग पुरावा, मग परतावा असा क्रम ठरला. गाडी वापरली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे मालकाच्या शिरावर आले.

या निकालाशेजारी दुसरा एक निकाल ठेवून पाहणे उद्बोधक आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या कुंपणाच्या आत मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीच्या ३६ गाड्यांवर आंध्र प्रदेशाने कर आकारला होता. गाड्या कुंपणाबाहेर येतच नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. वाहनकर हा रस्त्यांच्या सोयीचा मोबदला आहे. जी गाडी सार्वजनिक ठिकाणी वापरली जात नाही, किंवा तेथे वापरण्यासाठी ठेवलेलीही नाही, तिच्या मालकावर हा बोजा टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या वाचनात दोन्ही निकाल परस्परविरोधी वाटतात. परंतु आंध्रच्या १९६३ च्या कायद्यातील कर आकारणीच्या कलमात ‘सार्वजनिक ठिकाणी’ हे शब्द आहेत आणि कर्नाटकाच्या कलमात ते नाहीत. म्हणून एका राज्याचा निकाल वर्तमानपत्रात वाचून दुसऱ्या राज्यातल्या मालकाने निश्चिंत होऊ नये.

मग कर्नाटकातील मालकाने काय करावे? गाडी उभी करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाला ती वापरणार नसल्याची लेखी सूचना द्यावी, सोबत नोंदणीपत्र जमा करावे आणि गाडी कोठे ठेवली आहे ते कळवावे, अशी ही रीत आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका ट्रकचा तिमाही कर १२,००० रुपये आहे आणि ट्रक दोन तिमाह्या उभा राहिला. वेळेवर सूचना दिलेल्या मालकाला त्या काळाच्या कराची सूट किंवा परतावा मागण्याचा आधार असतो. सूचना न दिलेल्या मालकाच्या नावे २४,००० रुपये चढतात, वर दंड निराळा. दोन्ही ट्रक एकाच शेडमध्ये, एकाच धुळीत उभे होते. फरक फक्त एका कागदाचा. आणि हा कागद नंतर तयार करता येत नाही, हीच त्यातली मेख आहे. एकाच ट्रकावर संसार चालवणाऱ्या माणसाला २४,००० रुपये ही लहान रक्कम नव्हे.

घरगुती मोटारी आणि दुचाक्या यांचा कर नोंदणीच्या वेळी आजीवन म्हणून एकदाच भरला जातो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा तिमाही प्रश्न येत नाही. गाडी कायमचीच निकामी झाली असेल तर मात्र १९८८ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसे कळवून नोंदणी रद्द करून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

आता विमा. कलम १४६ म्हणते की, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असल्याखेरीज कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरू नये किंवा दुसऱ्याला वापरू देऊ नये. येथे दोन अटी आहेत : ‘वापर’ आणि ‘सार्वजनिक ठिकाण’. स्वतःच्या बंद शेडमध्ये कुलपात ठेवलेल्या गाडीला या दोन्ही लागू होत नाहीत. म्हणजे कराच्या उलट, येथे कायदा प्रत्यक्ष वापराकडे पाहतो. विम्याविना वापर केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला ४,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.

पण ‘वापर’ म्हणजे केवळ धावणे असे समजण्याची चूक करू नये. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे, आपल्या बेळगावावरून जाणाऱ्या त्या वेळच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर, सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा एक टँकर ट्रकशी धडकून रस्त्याच्या कडेला कलंडला. पेट्रोल गळत राहिले आणि चार तासांहून अधिक वेळाने स्फोट होऊन जवळ जमलेली माणसे मृत्यू पावली. टँकर तेव्हा हलत नव्हता, मग तो वापरात कसा, असा युक्तिवाद झाला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गाडी बिघडून किंवा अपघाताने एका जागी पडली असली तरी ती वापरातच असू शकते, असे ठरले. तेव्हा घरासमोरच्या गल्लीत उभी केलेली आणि विमा संपलेली गाडी ‘आम्ही चालवतच नाही’ म्हणून सुरक्षित समजणे धोक्याचे आहे. गल्ली सार्वजनिकच असते. शिवाय १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे तो कधी संपला याचे विस्मरणही सहज होते.

आगीचा, पुराचा, चोरीचा धोका उभ्या गाडीलाही असतोच. त्यासाठी भारतीय मोटार टॅरिफमध्ये ‘उभ्या ठेवलेल्या वाहना’चे स्वतंत्र पृष्ठांकन दिले आहे. ठरलेल्या काळात विमा कंपनीची इतर जबाबदारी स्थगित होते. आग, चोरी, दंगल, पूर, भूकंप यांपासूनचे संरक्षण तेवढे राहते आणि त्या मानाने हप्त्यात सवलत मिळते. विमा सरळ संपू देण्यापेक्षा ही वाट शहाणपणाची, कारण मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास दावा न केल्याबद्दल साठत आलेली सवलतही हातची जाते.

या बाबतीत ब्रिटनची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तेथे जानेवारी १९९८ च्या अखेरीपासून असा नियम आहे की, गाडीचा कर भरा, नाहीतर ती रस्त्यावर नसल्याचे वैधानिक निवेदन द्या. तिसरा मार्ग नाही. जून २०११ पासून विम्यालाही हेच तत्त्व लावले गेले. निवेदन दिले नसेल तर गाडी अंगणात उभी असतानाही विमा हवाच, नाहीतर १०० पौंडांचा दंड. हे शक्य झाले ते नोंदणीची आणि विम्याची यादी यंत्राने एकमेकींशी ताडून पाहिली जाते म्हणून. मालकाची सोयही तेथे पाहिली आहे : निवेदन विनाशुल्क असते, पूर्ण शिल्लक महिन्यांचा कर परत मिळतो आणि २०१३ च्या अखेरीपासून निवेदन दरवर्षी नव्याने द्यावे लागत नाही. पण निवेदन दिलेली गाडी रस्त्यावर आणली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आधी वेळ ठरवून घेतलेल्या तपासणीसाठी नेणे तेवढे चालते.

उभ्या गाडीला विमा कशाला, असे कोणी विचारील. पोर्तुगालमधील एका प्रकरणात याचे उत्तर आहे. एका बाईंनी प्रकृतीमुळे गाडी चालवणे सोडले, गाडी अंगणात ठेवली, विमा घेतला नाही. मात्र गाडी रीतसर वापरातून काढलीही नाही. २००६ साली मुलाने त्यांच्या नकळत ती बाहेर नेली. अपघातात तो आणि त्याचे दोन सोबती मरण पावले. युरोपीय न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की, जी गाडी नोंदलेली आहे आणि चालू शकते तिला विमा आवश्यकच होता, मालकिणीचा ती चालवण्याचा विचार नसला तरीही. निकाल कठोर वाटतो. पण मेलेल्या सोबत्यांच्या घरच्यांचा विचार केला की त्यामागचा हेतू पटतो.

या साऱ्यातून मला एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. ‘गाडी उभी आहे’ ही वस्तुस्थिती आणि ‘गाडी उभी असल्याचे कळवले आहे’ ही नोंद, यांत कायदा बहुधा नोंदीलाच मान देतो. हिशेबशास्त्रातही व्यवहार झाला तरी प्रमाणक नसेल तर तो वहीत चढत नाही. ब्रिटनने ही नोंद फुकट आणि सोपी केली, म्हणून तेथील सक्ती अन्यायाची वाटत नाही. आपल्याकडेही अशी सूचना देणे तितकेच सुलभ व्हावे, आणि तिचा नमुना सीमाभागातील ट्रकमालकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला जावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. तोपर्यंत हे समजावण्याचे काम आपल्यासारख्या दोन्ही भाषा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना करता येईल. शेजारच्या शेडमध्ये ट्रक उभा दिसला तर त्याच्या मालकाला एवढेच विचारावे : सूचना दिली आहे का, आणि विम्याची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे?