खाजणाची शेती

खारे पाणी शेतात शिरले, तर पीक जळते. हे आपल्याला ठाऊक आहे. पण गोव्यात एकाच जमिनीत भातही पिकते आणि मासळीही मिळते. हे कसे होते? चला, आपण पाहू.

मांडवी व झुवारी नद्यांच्या काठी सखल जमीन आहे. भरतीला समुद्राचे पाणी नदीत चढते. लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांध घालून ही जमीन राखली. हिला खाजण म्हणतात.

बांधाबाहेर खारफुटीची झाडे असतात. त्यांची मुळे चिखल धरून ठेवतात. लाटांचा मार आधी झाडे सोसतात, मग बांध. कोळंबीची पिल्ले समुद्रातून भरतीबरोबर येतात आणि याच मुळांत वाढतात. झाड तोडले, की बांध उघडा पडतो, पिल्लांचा पाळणाही मोडतो.

बांधात लाकडी दाराची मोरी असते. तिला मानस म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दार उघडते. भरतीला बाहेरच्या पाण्याने ते आपोआप मिटते. पावसाळ्यात आत कोरगुट भात लावतात. ते थोडा खारेपणा सोसते. भात निघाले, की खारे पाणी बेताने आत घेतात. त्याबरोबर शेवटे, काळुंदर, कोळंबी येतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरतात.

या मासळीचा लिलाव होतो. त्या पैशातून बांध दुरुस्त करायचा, अशी जुनी रीत. पूर्वी हे काम गावकरी संस्था पाहत. १९६४ साली कुळकायदा झाला. पुढे ते कुळांच्या संघांकडे आले.

आता नीट ऐका. लिलाव घेणाऱ्याला मासळी जास्त हवी असते. म्हणून काही ठिकाणी भरतीलाही दार उघडे ठेवतात. खारे पाणी शेतात चढते. भात जाते. शेत पडीक पडले, की बांधाकडे कोण बघतो? खेकडे बांधाला बिळे पाडतात. बीळ लहान, पण पाणी त्यातूनच वाट काढते. एक दिवस बांध फुटतो. मग भात नाही, मासळी नाही, आणि शेजाऱ्याचे शेतही बुडते.

म्हणून हे ध्यानात ठेवू :

१. खारफुटी तोडू नये.
२. जाळे फार बारीक नको. पिल्ले सुटली पाहिजेत.
३. मानस कधी उघडायची, ते सर्वांनी मिळून ठरवावे.
४. लिलावाचा पैसा आधी बांधाला, मग वाटणीला.

बांध एकट्याचा नसतो. एकाने हयगय केली, तर पाणी सगळ्यांच्या शेतात येते.

प्रश्न : मानशीचे दार भरतीला का मिटते? ते उघडे ठेवले, तर नुकसान कोणाकोणाचे होते?