खाऱ्या हवेतील जुनी मोटार आणि तिचे मागचे ब्रेक

अलिबागहून चौलमार्गे रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. समुद्रसान्निध्यामुळे येथील हवा दमट व खारी असते आणि जुन्या मोटारींना गंज लवकर धरतो. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. जपून ठेवलेल्या अशा गाडीचे मागचे ब्रेक दुर्बल झाले, तरी चालकाच्या ते चटकन ध्यानात येत नाही. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, बरेचसे काम पुढची चाके करतात आणि मागची उणीव झाकली जाते. ती दत्तटेकडीच्या यात्रेतील गर्दीत उघडी पडणे कोणालाच परवडणारे नाही.

तपासणीसाठी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, मागची बाजू जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. एकाने पायब्रेक दाबावा, दुसऱ्याने चाक फिरवून पाहावे. नंतर हीच परीक्षा हातब्रेकवर घ्यावी. दोन्ही ब्रेक त्याच शूंना ढकलतात; एक तेलाच्या दाबाने, दुसरा तारेने. म्हणून हातब्रेक घट्ट व पायब्रेक ढिला असल्यास दोष तेलमार्गात समजावा : व्हील सिलिंडरचा गंजून अडकलेला दट्ट्या, आतून फुगलेली रबरी नळी किंवा नळीतील हवा. दोन्ही ढिले असल्यास शू, ड्रम किंवा त्यांच्यातील वाढलेले अंतर पाहावे.

ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नये; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. लायनर तेलकट दिसल्यास ते ब्रेक ऑइल की अ‍ॅक्सलच्या सीलमधून झिरपलेले गिअर ऑइल, हे ओळखल्याखेरीज पुढे जाऊ नये. गळती तशीच ठेवून नवे लायनर बसविणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. तेल प्यालेले लायनर घासून भागत नाही; दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूस ओढते. सिलिंडरचे रबर पेट्रोलने धुऊ नये, ते फुगते.

जोडणीनंतर अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत आवळून, चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा. हातब्रेकची तार त्यानंतर ओढावी. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढण्यास आरंभ करावा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. म्हणून काढलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये आणि दोन वर्षांनी ते संपूर्ण बदलावे. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मंद वेगाने घ्यावी.