साच्यांच्या जागी बोहलं

प्रश्न : आमची मुलगी आणि होणारे जावई म्हणतात, लग्नाला हॉल नको, लोअर परळकडची जुन्या गिरणीची शेड हवी. विटांच्या उघड्या भिंती, लोखंडी खांब आणि करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. फोटो सुरेख दिसतात, नाही म्हणत नाही. पण ते छप्पर तसं का असतं? आणि अशा जागेत दोन-अडीचशे माणसांचं, होम-सप्तपदीसकट लग्न नीट पार पडतं का? माझे सासरे गिरणीत साचेवाले होते. त्यांना विचारलं तर नुसते हसतात.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : छपराचं कोडं आधी सोडवू, कारण लग्नाची वेळसुद्धा त्यावरूनच ठरवायची आहे.

साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा चटकन दिसायला हवा, कापडातला दोष नजरेतून सुटायला नको. त्यासाठी उजेड भरपूर लागतो, पण ऊन डोळ्यांवर येऊन चालत नाही. म्हणून दात्याची एक बाजू उतरती, पत्र्याची किंवा कौलांची, आणि दुसरी जवळजवळ उभी, काचेची. काच उत्तरेकडे. आपल्या गोलार्धात सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन न येता नुसता उजेड आत उतरतो. सावल्या जवळजवळ पडत नाहीत. ही रचना विलायतेहून आली. तिथे ती चोख चालते. मुंबईत मात्र १५ मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात हिशेब थोडा चुकतो.

फोटोग्राफर या शेडवर जीव टाकतात तो याच उजेडासाठी. नवरीच्या नाकाखाली सावली नाही, मुंडावळ्यांची रेघ कपाळावर नाही. आणि गंमत अशी की बहुतेक मंडळी ही जागा घेतात संध्याकाळी सातच्या रिसेप्शनला! काचा काळ्या झालेल्या, छताला रंगीत दिवे. त्यापेक्षा एखादा साधा हॉल काय वाईट? माझं मत स्पष्ट आहे : शेड घ्यायची तर मुहूर्त सकाळचा धरा, आणि महिना मार्गशीर्ष किंवा माघ. वैशाखात पत्र्याखाली दुपारची पंगत बसवू नका.

उन्हाळ्याबद्दल आणखी एक. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो. म्हणून गिरण्यांमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवत आणि वारा फार खेळू देत नसत. छपराच्या बऱ्याच काचा पक्क्या बसवलेल्या असतात, उघडतच नाहीत. तुमचे सासरे हसतात त्यात हेही असेल. उंची बघून ‘हवेशीर आहे’ असं मॅनेजर म्हणाला, तर गरम हवा बाहेर जायला वाट कुठे आहे ती दाखवा म्हणावं.

हा शौक आला कुठून, असंही तुमच्या मनात असणार. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या दर्शनी भागाच्या इमारती कारखानदारी ओसरल्यावर ओस पडल्या. १९५० नंतर चित्रकार, शिल्पकार तिथले मोठाले मजले स्वस्तात घेऊन राहू लागले, आधी बेकायदाच. मग गॅलऱ्या आल्या, पैसेवाले आले आणि उघडी वीट, उघडे पाइप ही प्रतिष्ठेची खूण झाली. तिथे राहणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने १९८२ साली केला. त्याच वर्षी १८ जानेवारीला इकडे दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातले बरेच जण साच्यावर परतले नाहीत. कुलाब्याची मुकेश मिल तर त्याच वर्षीच्या आगीनंतर बंद पडली आणि सिनेमावाल्यांची झाली. ‘हम’ चित्रपटातलं ते गाजलेलं गाणं तिथलंच. दोन शहरांतल्या रिकाम्या कारखान्यांची गोष्ट वरून सारखी दिसते, पण आपल्याकडे रिकामं करणारे आणि भाड्याने घेणारे यांच्यात एकच पिढी गेली आहे. तुमच्या घरात तर दोघंही एकाच टेबलावर जेवतात.

आता आवाज. वीट, काँक्रीट, पत्रा, काच, सगळं टणक. आवाज आपटून परत येतो आणि रेंगाळतो. रिकाम्या शेडमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत थांबा. मंगलाष्टकाच्या एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीवर चढला, तर ‘शुभमंगल सावधान’ कधी झालं तेच मागच्यांना कळत नाही आणि अक्षता आधीच पडू लागतात. डेकोरेटर सांगेल, दोन मोठे स्पीकर लावू. त्याने गोंधळ वाढतो. खांबाखांबावर छोटे स्पीकर कमी आवाजात लावायला सांगा आणि गुरुजींना कॉलरचा माइक द्या. माणसं भरली की आवाज बराच शोषला जातो. भिंतींवर जाड पडदेही उपयोगी. मात्र सगळं छत कापडाने झाकलं की ज्या उजेडाचे पैसे मोजले तोच गेला, शिवाय कापड जळतं.

आगीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, १४ जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. ते आवारही गिरणीचंच. गिरणीची इमारत बांधताना माणसं पाळीने येणार, त्यांना रस्ते पाठ असणार, हे धरलेलं होतं. तुमचे पाहुणे पहिल्यांदाच येणार, अर्धे साठीच्या पुढचे, बायका शालू सावरत चालणाऱ्या. म्हणून बघायला जाल तेव्हा भिंतींच्या आधी दारं बघा. निदान दोन दारं एकमेकांपासून लांब हवीत, बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि कार्याच्या दिवशी त्यांना कुलूप नको, फुलांची कमानही नको. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. त्याची ताजी प्रत मागा. ‘आहे, ऑफिसात आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

माणसांचा हिशेबही इथेच करा. शेड पाच हजार चौरस फुटांची म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर. बोहलं, होमाची जागा, वाढपाची टेबलं, येण्याजाण्याच्या वाटा यांत तिसरा हिस्सा गेला की ३१० उरतात. जेवायला बसणाऱ्या माणसाला दीड चौरस मीटर धरला, तर दोनशेच्या थोडे वर. अडीचशेला दोन पंगती कराव्या लागतील, आणि त्यात कमीपणा कसला? वाढप उलट नीट होतं. स्वयंपाक मात्र बाहेर, उघड्यावर. सिलिंडर शेडच्या आत येता कामा नये, आचारी कितीही ओळखीचा असो.

खांब जवळजवळ असतात, मागच्यांना नवरा-नवरी दिसत नाहीत. बोहलं टोकाला न घालता लांब भिंतीच्या मध्यावर घाला, म्हणजे पाहुणे तिन्ही बाजूंनी बसतात. वरच्या जुन्या लोखंडाला झुंबरं टांगू देऊ नका. एके काळी त्याने यंत्रांचे पट्टे पेलले हे खरं, पण गंज किती आत गेला आहे ते इंजिनिअरच सांगेल. दिव्यांसाठी जमिनीवर उभा राहणारा ट्रस घ्या. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा, त्याला भोक पाडायचं नाही.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. बंदिस्त सभागृहांना सूट असते, पण फटींच्या पत्र्याची शेड बंदिस्त आहे हे शेजारच्या चाळीला पटवणं अवघड. सकाळचा मुहूर्त धरलात तर हा प्रश्नच उरत नाही. पाण्याचा टँकर, जनरेटर, स्वच्छतागृहं आणि सासऱ्यांच्या वयाच्या माणसांना पायऱ्या टाळून आत नेणारा उतार, यांतलं भाड्यात काय धरलं आहे आणि काय वेगळं, ते करारात लिहून घ्या.

सजावटीत काही जण जुने कामगारांचे बिल्ले, हजेरीची कार्डं, भोंग्याची नक्कल मांडतात. सासऱ्यांना विचारल्याशिवाय हे करू नका. आणि एकदा जागा बघायला त्यांना घेऊन जा. छपराखाली हवा कुठे कोंडते हे त्यांना कुठल्याही मॅनेजरपेक्षा जास्त माहीत असेल.

प्रश्न : होमाच्या धुराने छतावरचे पाण्याचे फवारे सुरू होऊन सगळं लग्न भिजेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सिनेमात होतं तसं होत नाही. फवाऱ्याच्या तोंडाशी द्रव भरलेली छोटी काचनळी असते. ती उष्णतेने फुटते, धुराने नाही. सर्रास दिसणारी लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, आणि जिची नळी फुटली तेवढंच तोंड उघडतं. आगीवर आपोआप फवारणारी ही यंत्रणा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कापड गिरण्यांमुळेच रुळली, कारण कापसाची धूळ भडकायला वेळ लागत नाही.

धूर ओळखणारा अलार्म मात्र वेगळा, आणि तो नक्की वाजेल. ऐन लाजाहोमात वाजेल. उपाय म्हणून अख्खी यंत्रणा बंद करून ठेवणं धोक्याचं आहे. होमकुंड लहान घ्या, समिधा खणखणीत वाळलेल्या आणि तूप बेताने. काचेचं दार किंवा उघडणारी खिडकी जिथे असेल तिथे होम मांडा. त्या भागापुरता अलार्म थोडा वेळ बंद ठेवायचा असेल तर ते जागेच्या सुरक्षा अधिकाऱ्यानेच करावं, अग्निशामक नळकांडं घेऊन एक माणूस तेवढा वेळ तिथे उभा ठेवावा, आणि सप्तपदी संपताच अलार्म पुन्हा चालू केल्याचं तुमच्या घरच्या कुणीतरी स्वतः पाहावं.