अम्माऊसची वाट : सेवाकार्यात बायबलचा वापर



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या आळीत एका घरातला तरुण मुलगा अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोझरीसाठी शेजारीपाजारी जमले. मी धर्मशिक्षक म्हणून ओळखला जात असल्यामुळे बायबल वाचायला मला पुढे केले. मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला आणि देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून हितकारक ठरतात, या अर्थाचे वचन वाचून त्यावर चार शब्दही बोललो. मुलाची आई उठून आत निघून गेली. काही महिन्यांनी ती मला म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही वाचलंत ते खरंच असेल. पण मला वाटलं, देवाला माझं रडणंसुद्धा नको आहे."

वचन खरे होते, पण ते मी चुकीच्या वेळी वापरले होते. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे : बायबल हातात घेऊन सेवा करणाऱ्याने ते कसे वापरावे?

हा प्रश्न फक्त धर्मगुरूंचा नाही. मिस्सामध्ये वाचन करणारे, रविवारी मुलांना शिकवणारे, आजाऱ्यांना भेटणारे, लहान ख्रिस्ती समूहाची प्रार्थना चालवणारे, इतकेच काय, घरी मुलांना झोपवताना येशूची गोष्ट सांगणारी आजीसुद्धा देवशब्दाची सेवा करत असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी देवाच्या प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज घोषित केला. ख्रिस्तसभेने प्रभूच्या शरीराप्रमाणेच पवित्र शास्त्राचाही नेहमी आदर केला आहे, असे त्यात सांगितले आहे. सर्व श्रद्धावंतांना बायबल सहज उपलब्ध व्हावे आणि शिकवणाऱ्यांनी त्याचा नित्य अभ्यास करावा, असा आग्रहही तेथे धरलेला आहे.

येशूने शास्त्र कसे शिकवले?

यासाठी लूकच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायाइतका चांगला धडा नाही (लूक २४:१३-३५). दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊसकडे निघाले आहेत. वाट सुमारे अकरा किलोमीटरची. प्रभू मरण पावला, आशा संपली, म्हणून ते पाठ फिरवून चालले आहेत. येथे येशू काय करतो, ते क्रमाने पाहू या.

१. तो सोबत चालतो. शिष्य चुकीच्या दिशेने निघाले आहेत, तरी येशू त्यांना अडवत नाही. त्यांच्याच वाटेने त्यांच्याबरोबर पावले टाकतो.

२. तो विचारतो आणि ऐकून घेतो. घडलेले सर्व त्याला ठाऊक असूनही तो त्यांनाच बोलू देतो. आमची आशा त्याच्यावर होती, हे दुखरे वाक्य त्यांच्या तोंडून निघेपर्यंत तो थांबतो.

३. मग तो शास्त्र उलगडतो. तेही एखादे सोयीचे वचन घेऊन नव्हे, तर मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून सुरुवात करून. तो त्यांना स्पष्ट शब्दांत खडसावतोही, पण ऐकून घेतल्यानंतर.

४. तो त्यांच्याबरोबर मेजावर बसतो. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात. शब्द त्यांना मेजापर्यंत घेऊन आला. मिस्सामध्येही शब्दविधीनंतर ख्रिस्तप्रसादाचा विधी येतो, तो याच क्रमाने.

५. शिष्य त्याच घटकेला यरुशलेमेला परततात. ज्या समूहाला सोडून ते निघाले होते, त्याच समूहाकडे शब्द त्यांना परत नेतो.

मी शोकाकुल घरी गेलो, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारली होती. ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ निमूट बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला (ईयोब ४२:७). सैतानानेही येशूची परीक्षा घेताना स्तोत्र ९१ मधले वचन पुढे केले होते, हे विसरू नये (मत्तय ४:६). वचन तोंडपाठ असणे पुरेसे नाही. ते कशासाठी आणि कोणापुढे उच्चारतो, हेही पाहावे लागते.

आपल्या सेवाकार्यात

वाचकांसाठी : नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांना नियमशास्त्र स्पष्ट वाचून दाखवले आणि अर्थ समजावून दिला, असे वर्णन आहे. वाचन करणाऱ्याने निदान आदल्या दिवशी उतारा मोठ्याने वाचावा. संदेष्ट्यांची नावे अडखळत असतील तर विचारून घ्यावीत. सामान्यकाळातील रविवारी पहिले वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असे निवडलेले असते, म्हणून दोन्ही एकत्र वाचल्यास आपण काय घोषित करणार आहोत ते कळते. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे : पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे शुभवर्तमान विशेषतः प्रायश्चित्तकाळात व पास्काकाळात. हे चक्र मनापासून ऐकणाऱ्याला तीन वर्षांत बायबलची मोठी शिदोरी मिळते.

धर्मशिक्षकांसाठी : मुलांना आधी गोष्ट सांगा, मग बोध. गोष्ट संपताच "म्हणून आईबाबांचे ऐका" असे म्हटले, की मुले गोष्ट विसरतात आणि उपदेशाला कंटाळतात. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरल्या भावाने शेवटी घरात पाऊल टाकले की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही. मुलांना विचारा, "तुम्ही आत गेला असता का?" मराठीत ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीत रचली आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. लोकांच्या कानाला जी चाल परिचित होती, त्या चालीत त्यांनी तारणाची कथा सांगितली.

आजाऱ्यांना भेटणाऱ्यांसाठी : आधी बसा. विचारा. ऐका. मग एखादे लहान स्तोत्र हळू वाचा. विलापाची स्तोत्रे वगळू नका. देवाला "किती वेळ?" असे विचारणारे तेरावे स्तोत्रही बायबलमध्येच आहे. हा आजार कोणाच्या पापामुळे, हा प्रश्न जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी केला, तेव्हा येशूने तो नाकारला (योहान ९:३). लाजराच्या कबरेकडे जाताना तो स्वतः रडला. त्या आईजवळ मी त्या दिवशी हेच वाचायला हवे होते.

लहान ख्रिस्ती समूहांसाठी : दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेली सात पायऱ्यांची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, भावलेले शब्द पुन्हा म्हणणे, शांत राहणे, मनातले सांगणे, एखादे काम ठरवणे आणि प्रार्थना करणे. यातली शांतता आणि काम, या दोनच पायऱ्या आपण बहुधा घाईत उरकतो. दुसऱ्याच्या बोलण्यावर वाद घालायचा नाही आणि त्याला प्रवचन द्यायचे नाही, हा नियम पाळला तर लाजरी माणसेही बोलू लागतात.

आधी स्वतःसाठी

बायबल दुसऱ्यांसाठीच उघडणारा सेवक लवकर कोरडा पडतो. संत जेरोम यांचे सांगणे असे, की शास्त्राविषयी अज्ञान म्हणजे ख्रिस्ताविषयीच अज्ञान. त्यांचा स्मृतिदिन ३० सप्टेंबर. त्याच दिवशी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सामान्यकाळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून ठरवून दिला. पण वर्षातला एक रविवार पुरेसा नाही. रोज दहा मिनिटे त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचावे, एक शब्द मनात धरावा आणि कामाला लागावे. शोकेसमध्ये हार घालून ठेवलेले बायबल घराची शोभा वाढवते, पण त्याची पाने मळलेली असणे जास्त बरे.

ती आई आज आमच्या समूहात नियमितपणे वाचन करते. मागे एका घरी दुःखाचा प्रसंग आला, तेव्हा ती सर्वांच्या आधी तेथे गेली. बायबल तिच्या मांडीवर होते, पण बराच वेळ तिने ते उघडले नाही. त्या घरातल्या बाईचा हात हातात घेऊन ती बसून राहिली. मग तिने स्तोत्र वाचले. मी दारात उभा राहून शिकत होतो.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. एखाद्या वचनाने तुम्हाला आधार मिळाला, असा प्रसंग कोणता? ते वचन कोणी आणि केव्हा सांगितले?

२. वचन सांगून आपण कोणाला दुखावले आहे का? आज त्या व्यक्तीकडे जाता येईल का?

३. या आठवड्यात आपल्या वाडीत कोणाचे ऐकून घेण्याची गरज आहे?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू वाटेवर आमच्याबरोबर चालतोस. आमचे कान आधी उघड आणि मग आमचे ओठ. तुझा शब्द आमच्या हातून कोणाला ओझे होऊ नये, तो भाकरीसारखा वाटला जावा. आमेन.