गुरुंग गांव पाहुण्यांस कसें दाखवावें?

शेतकऱ्याच्या घरीं पाहुणा येणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. परंतु पैसे देऊन गांव पाहावयास येणारा पाहुणा निराळा होय. त्यास काय दाखवावें, केव्हां दाखवावें आणि त्याच्यापासून होणारी प्राप्ति कशी वांटावी, हे तीन प्रश्न आधीं सोडविले नाहींत, तर पाहुणा असंतुष्ट राहतो व शेतीचीही हानि होते. नेपाळच्या डोंगराळ भागांतील गुरुंग गांवांवरून या प्रश्नांचा विचार करूं.

१. गांवाची ठेवण.— गुरुंग लोक स्वतःस तमु म्हणवितात. त्यांचीं पुष्कळ गांवें अन्नपूर्णा पर्वताच्या दक्षिण उतारावर आहेत. कास्की जिल्ह्यांतील घांद्रुक हें सुमारें २,००० मीटर उंचीवर आहे. जुनीं घरें दगडी, छपरें पातळ दगडी फरशांचीं व पुढें फरसबंदी अंगण. गांवाखालीं पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें उतरत जातात. खालीं पाण्याची सोय असेल तेथें भात, वर मका व कोदो. येथें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, नेपाळी कोदो म्हणजे आपली नाचणी होय. आपला कोद्रा नव्हे. वसंतांत मका पेरतात, पावसाळ्यांत उभ्या मक्याखालीं नाचणीचीं रोपें लावतात, आणि मका निघाला म्हणजे नाचणीस मोकळें ऊन मिळतें.

२. दाखविण्याचा क्रम.— हिमशिखरें पहाटे दाखवावीं, कारण पुढें ढग चढतात. नंतर गोठा व खताचा ढीग, मग शेत, मग जातें व ढिकी, आणि शेवटीं चूल. अशा क्रमानें गेलेला पाहुणा दुपारीं नाचणीच्या पिठाचा ढिंडो खातो, तेव्हां त्या घासामागील वर्षभराचे श्रम त्यास उमगतात. नुसतीं शिखरें पाहून परतणाऱ्यास गांव कळलें असें म्हणतां येत नाहीं. वाटाड्यानें मंडळीस फरसबंदी वाटेनेंच एकामागून एक न्यावें. बांधावर चढूं देऊं नये. पायाखालीं एक दगड सुटला, तर पुढील पावसांत तेथून माती वाहूं लागते, आणि तो बांध पुन्हा घालण्याचे श्रम शेतकऱ्याच्या माथीं येतात. विचारल्यावांचून कोणाच्या चुलीपाशीं जाऊं देऊं नये व छायाचित्र घेऊं देऊं नये.

३. वेळेची अडचण.— पाहुण्यांची गर्दी मुख्यतः शरदांत व वसंतांत होते. पहिल्या वेळीं भात-नाचणीची कापणी, दुसऱ्या वेळीं मक्याची पेरणी! ज्या दिवशीं घरांत एकही हात मोकळा नसतो, त्याच दिवशीं पाहुणा दारांत उभा राहतो. या डोंगरांत पर्म म्हणून श्रमांची देवघेव करण्याची चाल आहे; ती आपल्या सावडीसारखीच होय. पाहुण्यांचें काम त्या देवघेवींत धरलें, तरच कापणी खोळंबत नाहीं.

४. प्राप्तीची वांटणी.— स्याङ्जा जिल्ह्यांतील सिरुबारी या गुरुंग गांवानें १९९७ सालापासून पाहुणे घरोघर उतरविण्याचा उपक्रम चालविला. तेथील नियम असा कीं, पाहुण्यानें घर निवडावयाचें नाहीं; गांवची समिति पाळीपाळीनें घरें नेमून देते. त्यामुळें वाटेवरच्या एकाच घराची भरभराट होऊन शेजारी रिकामा राहिला, असें होत नाहीं. स्वागत वाजतगाजत सर्व गांव मिळून करतें. मग प्राप्तींतही गांवाचा वांटा असणें न्याय्यच होय.

५. खरा धोका.— गुरुंग तरुण पिढ्यान्‌पिढ्या सैन्यांत जात आले. आतां ते आखाती देशांत व इतरत्रही जातात. मागें म्हातारीं माणसें राहतात आणि दूरचीं शेतें ओस पडतात. पाहुण्यांचा पैसा तरुणास गांवीं थोपवूं शकेल. परंतु तोच पैसा शेतीहून सोपा वाटला, तर उरलेलें शेतही सुटेल. मग पाहुण्यास दाखवावयाचें तरी काय? पडके बांध?

महाराष्ट्रांत कृषि-पर्यटनाचें धोरण २०२० सालीं जाहीर झालें. ज्या शेतकरी बंधूंच्या मनांत असा जोडधंदा करावयाचा असेल, त्यांनीं प्रथम गांवची पाळी व कामाची वांटणी ठरवावी, मग खोल्या बांधाव्या. पाहुणा शेतामुळें येतो, हें विसरूं नये.