दोन बोटांची प्रज्ञा

संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात सोमा भिक्खुणीचा प्रसंग आहे. श्रावस्तीत भिक्षाटन आटोपून ती अंधवनात एका झाडाखाली ध्यानास बसते. मार तेथे येऊन तिला हिणवितो, की ऋषींना जे स्थान कष्टाने लाभते ते दोन बोटांच्या बुद्धीच्या स्त्रीला लाभणे शक्य नाही. 'दोन बोटांची बुद्धी' म्हणजे काय, हे अट्ठकथेत सांगितले आहे. मुलगी सात-आठ वर्षांची असल्यापासून भात शिजविते, तरी शीत दोन बोटांत दाबल्याशिवाय तो शिजला की नाही हे तिला कळत नाही! सोमेच्या उत्तराचा आशय असा, की चित्त समाहित झाले असता स्त्रीपणाचा प्रश्न उरतोच कोठे? हा प्रसंग मी वर्गात अनेक वर्षे शिकविला. पण बोटांनी दाबून पाहणे ही बुद्धीची उणीव का मानावी, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, आणि तोही नेऱ्याच्या वाडीवरील एका कातकरी आईमुळे.

अलीकडे शहरातील सुशिक्षित स्त्रिया पावसाळ्यात डोंगराकडे वळू लागल्या आहेत. रानभाज्या ओळखाव्यात, तीन दगडांची चूल पेटवावी, चार दिवस साधेपणाने राहावे, अशी त्यांची ओढ असते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या समाजातील वाचकाला हे ऐकताना संकोच वाटतो आणि तो रास्तही आहे. आमची आजी टाकळा खुडून आणीत असे, तो घरात डाळ नसे म्हणून. ते साधे जगणे तिने निवडलेले नव्हते. बाबासाहेबांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात 'निसर्गाकडे परत चला' या विचाराची कठोर चिकित्सा केली आहे. माणसाला फुरसत हवी, फुरसतीवाचून संस्कृती नाही आणि ती फुरसत यंत्रामुळे मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला या युक्तिवादाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून प्रश्न नीट मांडला पाहिजे. दारिद्र्य टाकून द्यायचे, हे ठरलेलेच आहे. पण दारिद्र्यात जगताना स्त्रियांनी जे ज्ञान मिळविले, तेही त्याबरोबर टाकायचे काय?

हे ज्ञान किती काटेकोर असते ते पाहा. मृगाच्या सरींबरोबर रानात शेवळे वर येतात. ती तशीच शिजविली तर घसा खवखवतो. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, वरचे आवरण बारीक चिरायचे आणि काकडाची आंबट फळे घालून शिजवायचे. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. कडू करांद्याच्या पातळ चकत्या करून शिजवायच्या आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. पुरेसा कडूपणा गेला की नाही, हे हात आणि जीभ सांगते. यात निरीक्षण आहे, प्रयोग आहे, चूक झाल्यास शिक्षाही आहे. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय असते?

कातकऱ्यांचे नावच मुळी खैरापासून काथ काढण्याच्या व्यवसायावरून पडले. 1878 च्या वनकायद्याने जंगले राखीव होत गेली आणि रानावर जगणारी माणसे स्वतःच्याच रानात गुन्हेगार ठरू लागली. आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यातील हुतात्म्यांत नाग्या कातकरीही होता. आज कातकरी हे कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक गणले जातात. पावसाळा सरला की कितीतरी कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा हक्क मान्य केला खरा, पण ज्ञान हातात उरले तरच त्या हक्काला अर्थ.

रान स्त्रीला नेहमी मोकळे होते असेही नाही. चुल्लवग्गात नोंद आहे, की अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर दुष्टांनी अत्याचार केले, तेव्हा भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम झाला. अत्याचार पुरुषांनी केले आणि अरण्य सुटले ते स्त्रियांचे. वाडीवरच्या बायका आजही रानात एकट्या जात नाहीत, चौघी-पाचजणी मिळून जातात. शहरातून आलेल्या भगिनींनी त्यांच्याकडून शिकण्यासारखी ही पहिली गोष्ट.

आता ज्या आईचा उल्लेख वर केला तिच्याविषयी. माझ्या उमेदीच्या काळातील ही गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडली आणि एक मुलगी आठ दिवस उशिरा वसतिगृहात आली. कारण विचारताच म्हणाली, "गुरुजी, आईसंगं शेवळं काढाया गेलते." मी हजेरीपटात 'विनाकारण गैरहजर' असा शेरा मारला आणि वर शिक्षणाच्या महत्त्वावर भाषणही दिले. आईने मान खाली घालून ते सगळे ऐकून घेतले. ज्या पंधरा-वीस दिवसांत आई मुलीला रान शिकविते, नेमक्या त्याच दिवसांत आमची निवासी शाळा मुलीला तिच्यापासून दूर नेते, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. शाळा हवीच, त्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ती मुलगी शिकली याचा मला आनंद आहे. शेरा मात्र चुकीचा होता.

काही वर्षांनी त्याच बाईंना मी आठवीच्या मुलींना शेवळे दाखविण्यासाठी बोलाविले. आधी त्या तयारच होईनात. "मी काय शिकवनार, गुरुजी? मला लिवता येत नाय." शेवटी आल्या. ओसरीवर शेवळे पसरून त्यांनी मुलींच्या हातात एकेक दिले. मीही उत्साहाने एक सोलायला घेतले आणि नको तो भाग ठेवून हवा तो टाकू लागलो. बाईंनी माझ्या हातातून ते अलगद काढून घेतले, अंगठा आणि तर्जनी यांत दाबून आतला पिवळा दांडा बाहेर काढला आणि म्हणाल्या, "असं नाय, गुरुजी. बोटाला समजतं. दाबून बगा."